मशीनने दिलेली मुदत



"मशीनवर ठेवलंय" हे वाक्य आपल्याकडे आवाज खाली आणून बोलतात. ऐकणारी मग पुढचं काही विचारत नाही, कारण पुढे काय होणार हे तिने मनाशी ठरवून टाकलेलं असतं. गेल्या चातुर्मासात आमच्या ह्यांना हृदयाचा झटका आला आणि नंतर आठ दिवस त्यांचं हृदय एका यंत्राच्या आधाराने चाललं. त्यानंतर स्थानकात, लग्नकार्यात, फोनवर मला एवढ्या जणींनी विचारलं की ते मशीन कसलं, ते आपल्याला चालतं का, आणि कधी काढायचं हे कोण ठरवतं. उभ्या उभ्या अर्धंच सांगून होतं. म्हणून आज नीट लिहिते. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेली गृहिणी आहे. जे समजलं ते आयसीयूतल्या डॉक्टरांकडून, आणि माझी भाची भूलतज्ज्ञ आहे तिच्याकडून.

आधी काय घडलं ते थोडक्यात. आम्ही कुसगावात राहतो. श्रावणातली गोष्ट. ह्यांच्या छातीत रात्रीपासून दुखत होतं, पण त्यांनी सांगितलं सकाळी. इथून पिंपरी-चिंचवडची मोठी रुग्णालयं सुमारे ४५ किलोमीटर. लोणावळ्यातल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढून पहिली औषधं दिली, रुग्णवाहिका बोलावली, आणि दुपारच्या आत अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी पहाटे रक्तदाब ८० वर आला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तर ठोक्यांबरोबर नवाच घरघर आवाज येत होता. इकोत दिसलं की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलंय.

झटक्यात हृदयाचा जो भाग रक्तावाचून मरतो तो पुढचे काही दिवस मऊ होत जातो. बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं आणि तिथे हळूहळू घट्ट व्रण तयार होतो. पण कधीकधी मऊ झालेला भाग फाटतो. भोक पडद्याला पडलं तर शुद्ध रक्त अंगभर जायच्या ऐवजी पुन्हा फुप्फुसाकडेच वळतं. झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला तर रक्त मागे फिरतं. पूर्वी पडद्याला असं भोक झटका आलेल्या शंभरातल्या एकदोघांना पडायचं. आता नस लवकर उघडली जाते, त्यामुळे हजारात दोन-तीन. उशिरा पोचलेल्यांत जास्त. भोक बुजवायला शस्त्रक्रिया लागते, नुसत्या औषधांवर फार थोडे वाचतात.

मी शल्यचिकित्सकांना म्हटलं, मग आजच करा. ते म्हणाले, "ताई, आज तिथे टाका घालणं म्हणजे ओल्या पापडाला टाका घालण्यासारखं आहे. ओढला की फाटणार." शिवाय स्टेंट बसवताना रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा असर उतरायलाही पाचेक दिवस हवेत. थांबलो तर कडा घट्ट होतील, टाका धरेल. पण थांबायचं तर तेवढे दिवस मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना रक्त पोचलं पाहिजे. त्यासाठी मशीन.

हे मशीन म्हणजे बलून पंप. मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून एक बारीक नळी वर सरकवून छातीतल्या महाधमनीत ठेवतात. तिच्या टोकाला दुधी भोपळ्याच्या कोवळ्या वेलफळासारखा लांबुळका फुगा असतो, साधारण ४० मिलिलिटरचा. हृदय विसावतं तेव्हा फुगा फुगतो आणि रक्त मागे, हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे ढकलतो. हृदय आकुंचन पावायच्या क्षणी फुगा एकदम मिटतो, पुढे जागा रिकामी होते आणि हृदयाला रक्त कमी जोराने ढकलावं लागतं. पुढची वाट सोपी झाली की रक्त भोकाकडेही कमी वळतं. वेळ चुकून चालत नाही, म्हणून मशीन कार्डिओग्रामकडे बघून ताल धरतं. फुग्यात हेलियम भरतात. तो हलका असल्याने झटकन आत-बाहेर होतो.

म्हणजे हृदय यांचंच चालू होतं. मशीन बाजूने हातभार लावत होतं. ते शुद्धीवर होते, बोलत होते. उजवा पाय मात्र सरळ ठेवायचा, मांडी वाकवायची नाही, उशीही फार उंच नाही. नर्सताई तासातासाने पावलाची नाडी बघायच्या, कारण नळीमुळे पायाचं रक्त अडू शकतं. आठ दिवस पाठीवर पडून राहणं म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. ते मनात नवकार म्हणत आणि मशीनच्या ठक-ठकीवर मोजत.

हे यंत्र पहिल्यांदा माणसासाठी वापरलं ते १९६७ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी. रुग्ण ४५ वर्षांच्या एक बाई होत्या, झटक्यानंतर बेशुद्ध झालेल्या. काही तास पंप चालवला आणि त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. घरी गेल्या हे मी मुद्दाम लिहितेय.

आता हिशेबाची बाजू. व्यापारी घरात 'ब्रिज लोन' हा शब्द नवा नाही. एक रक्कम येणार आहे, पण आज हाती नाही, तोवर थोड्या मुदतीचं कर्ज. बँक पहिला प्रश्न विचारते, फेड कशातून करणार? गंमत म्हणजे डॉक्टरही या मशीनला 'ब्रिज'च म्हणतात. भाचीने फोनवर सांगितलं, "मामी, मशीन कुठलं हे नंतर विचार. आधी विचार, ही मुदत कशासाठी?" तिच्या म्हणण्याप्रमाणे उत्तरं चार असतात. एक, हृदय थकलंय पण काही दिवसांत स्वतः सावरेल. दोन, शस्त्रक्रिया करायची आहे, तोवर. तीन, कायमचा पंप किंवा हृदय प्रत्यारोपण व्हायचं आहे, तोवर. आणि चार, अजून काहीच स्पष्ट नाही, दोन दिवस बघून ठरवू. चौथं उत्तरही प्रामाणिक असतं, पण मग 'दोन दिवसांनी काय बघणार' हे विचारून ठेवायचं.

आमचं उत्तर दुसरं होतं. तरी मी आकडे विचारले, सवयच आहे. अमेरिकेत १९९९ ते २०१० मध्ये झालेल्या अशा २,८७६ शस्त्रक्रियांची नोंद आहे. झटक्यानंतर सात दिवसांच्या आत केलेल्यांत ५४ टक्के दगावले, सात दिवसांनंतर केलेल्यांत १८ टक्के. ऐकून वाटतं, थांबलं की झालं! पण भाचीने तिथेच अडवलं. जे सात दिवस थांबू शकले ते मुळात जरा बरेच होते. ज्यांची प्रकृती कोसळत होती त्यांना थांबताच आलं नाही, आणि जे थांबता थांबता गेले ते या यादीत आलेच नाहीत. म्हणजे टिकलेल्या दुकानांचेच ताळेबंद बघून धंदा चांगला म्हणण्यासारखं. आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ 'थांबा म्हणजे वाचाल' असा होत नाही. अर्थ एवढाच, की थांबता येत असेल तर थांबण्यात लाभ आहे. रोज सकाळी रक्तदाब, लघवी आणि रक्ताचे रिपोर्ट बघून अजून एक दिवस थांबायचं का ते डॉक्टर ठरवत. मूत्रपिंड ढासळायला लागलं असतं तर ओल्या पापडालाच टाका घालावा लागला असता.

आता आपल्या घरातला खरा प्रश्न. नळी धमनीत असली की तिच्यावर रक्ताच्या गुठळ्या धरू शकतात, म्हणून हेपरिन नावाचं औषध चालू ठेवतात. हेपरिन डुकराच्या आतड्यांपासून काढतात. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्र लावतात तेव्हाही तेच लागतं, आणि शेवटी त्याचा असर उतरवायला जे प्रोटामिन देतात ते मूळचं माशापासूनचं. भोकावरचं ठिगळ कधी गायबैलांच्या हृदयाच्या आवरणाचं असतं, कधी पॉलिस्टरच्या कापडाचं.

हे मला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. आमच्या सासूबाई ८८ वर्षांच्या, त्यांनी सगळ्यांत आधी विचारलं, "औषधं कशाची आहेत?" ह्यांनी तर रेशीम वापरणंही तिशीत सोडलेलं. म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, आणि त्यांनी न रागावता सगळं सांगितलं. पर्याय आहेत का, हेही विचारलं. बायव्हॅलिरुडिन नावाचं कारखान्यात तयार होणारं औषध आहे, पण त्याला उतारा नाही आणि हृदय उघडायच्या शस्त्रक्रियेत रोजचा अनुभव हेपरिनचाच. ठिगळाबाबत मात्र निवड होती. शल्यचिकित्सक म्हणाले, पॉलिस्टरचं मला चालेल. ते लगेच कागदावर लिहून घेतलं.

हेपरिनचं ह्यांनाच विचारायचं ठरवलं, कारण ते शुद्धीवर होते आणि व्रत त्यांचं होतं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, महासतीजींना विचारा. चातुर्मासात त्यांचा विहार बंद, आणि त्या फोनवर बोलत नाहीत. जाऊबाई भर पावसात स्थानकात जाऊन विचारून आल्या. महासतीजींनी हो किंवा नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, आपल्या पचखाणात आगार असतात, म्हणजे आधीच सांगून ठेवलेल्या सवलती. त्यातला एक आजारात समाधी टिकावी म्हणून घेतलेल्या औषधाचा आहे. तो तपासाठी सांगितलाय, तुमची गोष्ट वेगळी आहे, पण ज्यांनी आगार लिहिले त्यांनी माणसाचा आजारपणा ओळखला होता. हिंसा झाली तर ती हिंसाच आहे, तिला दुसरं नाव देऊ नका. आवडीने करू नका, गरजेपेक्षा जास्त करू नका, आणि बरं झाल्यावर आलोचना करा.

हे ऐकून ह्यांनी हेपरिनला संमती दिली. मला त्या उत्तरातली एक गोष्ट फार पटली. नाव बदलायचं नाही. आपण पुष्कळदा 'औषधात सगळं चालतं' म्हणून डोळे मिटतो, नाहीतर 'आपल्याला चालतच नाही' म्हणून विचारायलाही घाबरतो. या दोन्हीपेक्षा विचारून, जाणून, कमीत कमी घेणं मला जास्त धर्माचं वाटतं. ज्या घरात कडक व्रतं आहेत त्यांनी हा विषय धडधाकट असताना बोलून ठेवावा. आयसीयूच्या दारात शांतपणे बोलता येत नाही.

त्याच दिवसांत आयसीयूबाहेरच्या बाकावर आणखी एक कुटुंब होतं. नाव-गाव लिहीत नाही. त्यांच्या वडिलांचं हृदय झटक्यानंतर जवळजवळ थांबलंच होतं आणि त्यांना एक्मो लावला होता. एक्मो म्हणजे शिरेतून रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्यात प्राणवायू मिसळायचा, आणि धमनीतून परत सोडायचं. मिनिटाला चार-पाच लिटर. हृदय आणि फुप्फुस दोघांचंही काम ते करतं. त्यांचा मुलगा मला म्हणाला, "काकू, तुमचं छोटं मशीन आहे, आमचं मोठं आहे." त्याला वाटत होतं, मोठं म्हणजे जास्त भरवशाचं.

घरी आल्यावर भाचीकडून मी त्याबद्दल समजून घेतलं. जर्मनीत २०१२ मध्ये ६०० रुग्णांवर अभ्यास झाला. झटक्याने हृदय दुबळं पडलेल्यांना सरसकट बलून लावला, तर महिनाभरात दगावणारे ३९.७ टक्के. न लावता ४१.३. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. म्हणून आता तो सरसकट लावत नाहीत, पण पडदा फाटणं, झडप तुटणं अशा बिघाडात शस्त्रक्रियेपर्यंत न्यायला अजून वापरतात. एक्मोचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, तिथेही ४७.८ आणि ४९, आणि रक्तस्राव व पायाचे त्रास जास्त. २०२४ मध्ये इम्पेला या हृदयात बसणाऱ्या छोट्या पंपाचा अभ्यास आला. सहा महिन्यांत दगावणारे पंप लावलेल्यांत ४५.८ टक्के, न लावलेल्यांत ५८.५. हा फायदा खराच, पण रुग्ण निवडून घेतलेले होते, खोल बेशुद्धीत असलेले त्यात घेतले नव्हते, आणि रक्तस्राव इथेही जास्त. मोठं मशीन, महाग मशीन म्हणजे चांगलं, असा सरळ हिशेब नाही. कोणत्या बिघाडाला कोणतं आणि पुढे काय करायचं आहे, यावर सगळं आहे.

त्या वडिलांच्या मेंदूला आधीच फार वेळ रक्त मिळालं नव्हतं. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलं की ही मुदत आता कुठेच पोचत नाही. मुलाने विचारलं, बंद केलं तर मी मारलं असं होईल का? डॉक्टर म्हणाले, आजाराने ते आधीच नेलेत, यंत्र फक्त रक्त फिरवतंय. त्या रात्री त्यांनी यंत्र थांबवलं. मला त्या मुलाचा प्रश्न अजून ऐकू येतो.

कायद्याने या बाबतीत वाट करून दिली आहे. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या खटल्यात ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा ठरावीक अटींवर उपचार थांबवायला मान्यता दिली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने माणसाला आधीच वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येऊ लागलं, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

आपल्याकडे लोक इथे संथाऱ्याचा विषय काढतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यावर बंदी घातली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. पण मशीन काढणं म्हणजे संथारा नव्हे. संथारा शुद्धीत असलेला माणूस स्वतः, गुरूंची आणि घरच्यांची आज्ञा घेऊन करतो. बेशुद्ध माणसाच्या वतीने दुसऱ्याने घ्यायचं ते व्रत नाही. दोन्हींची गल्लत केली की मुलांच्या डोक्यावर उगीच पापाचं ओझं बसतं.

नवव्या दिवशी ह्यांची शस्त्रक्रिया झाली. आदल्या रात्री त्यांनी तीन नवकार म्हणून सागारी संथारा घेतला. शस्त्रक्रियेतून उठेपर्यंत आहार, परिग्रह, सगळ्यांचा त्याग, उठलो तर सुटला. मी त्यांचा हात धरून उभी होते. मला रडू येत होतं, त्यांना नव्हतं. साडेपाच तासांनी शल्यचिकित्सक बाहेर आले आणि म्हणाले, "कडा धरल्या."

मग मशीन सोडवणं. ते एकदम काढत नाहीत. आधी प्रत्येक ठोक्याला मदत, मग दोन ठोक्यांत एकदा, मग तीन ठोक्यांत एकदा. एकास एक, एकास दोन, एकास तीन. प्रत्येक पायरीवर रक्तदाब बघायचा. तिसऱ्या दिवशी नळी निघाली आणि ह्यांनी गुडघा वाकवला. शुद्ध आल्यावर संथारा सोडला होताच, आता मूगडाळीचं पाणी मागितलं, आणि सूर्यास्ताला किती वेळ आहे तेही विचारलं.

बऱ्याच जणी म्हणतात, आयुष्य होतं म्हणून वाचले, मशीनचं काय! मी यावर पुष्कळ विचार केला. आयुष्यकर्म वाढवता येत नाही, हे आपण मानतो. पण उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आयुष्याचे दोन प्रकार सांगितलेत. काहींचं आयुष्य मधे तुटत नाही, पण आपल्यासारख्या सामान्य जिवांचं विष, शस्त्र, रोग अशा कारणांनी लवकर भोगून संपू शकतं. समजवायला ओल्या कपड्याचा दाखला देतात. घडी घातलेला कपडा सावकाश वाळतो, तोच पसरला की लवकर वाळतो. पाणी तेवढंच. कुसगावच्या पावसाळ्यात कपडे वाळत घालणाऱ्या बाईला हे वेगळं समजवावं लागत नाही. उपचार आयुष्यात पाणी घालत नाहीत, पसरलेला कपडा पुन्हा घडीत घेतात. माझ्या बुद्धीला तरी असं पटलं. म्हणून मशीनला देव मानायचं नाही, आणि 'आयुष्य असेल तर वाचतील' म्हणून उपचार टाळायचेही नाहीत.

आता ह्यांना वर्ष होत आलं. सकाळी गावात सपाट रस्त्यावर अर्धा तास चालतात, दुकानात दुपारपर्यंत बसतात, जिने कमी. त्यांनी महासतीजींसमोर आलोचना केली, जे प्रायश्चित्त मिळालं ते पूर्ण केलं. दिवाळीनंतर आम्ही दोघांनी वैद्यकीय इच्छापत्र करून नोटरी केलं आणि त्यात ठिगळ, झडप, औषधं यांबद्दलही आपलं म्हणणं लिहून ठेवलं.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना एवढं विचारा. हे यंत्र कशाची वाट बघायला आहे? किती दिवस? रोज काय बघून पुढचं ठरेल? पाय, रक्तस्राव, मूत्रपिंड यांचा धोका किती? यात प्राणिज काय आहे आणि कुठे पर्याय आहे? आणि वाट बघूनही जे हवं ते झालं नाही, तर काय? शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण तोही पहिल्याच दिवशी विचारा. आणि छातीत दुखलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

जय जिनेंद्र.